बारमधून बाटली ‘पार्सल’ देता येते का? ढाबा-हॉटेल टाकण्याआधी हा कायदा समजून घ्या

हॉटेल लाइनमध्ये उतरणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात: “सर, गिऱ्हाईक परमिट रूममधून बाटली बाहेर नेऊ शकतं का? आणि तीच बाटली घेऊन माझ्या ढाब्यावर बसलं तर?” पैठण, गंगापूर, सिल्लोड, कन्नड अशा तालुक्याच्या गावात ढाबा, खानावळ किंवा चायनीजची गाडी टाकणार असाल, तर भांडवल घालण्याआधी याचं उत्तर माहीत पाहिजे.

लायसन्स कोणतं, त्यावर सगळं ठरतं

आपल्या राज्यात दारूचा व्यवहार महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली चालतो. नावातच ‘बंदी’ आहे. म्हणजे मूळ नियम बंदीचा, आणि लायसन्स-परमिट ही त्यातली सूट. लायसन्समध्ये जे लिहिलंय तेवढंच करायचं.

- एफएल-२ म्हणजे वाइन शॉप. सीलबंद बाटली विकायची, तिथे बसून प्यायची नाही.
- एफएल/बीआर-२ म्हणजे बीअर शॉपी. तिथेही सीलबंद मालच.
- एफएल-३ म्हणजे परमिट रूम. इथे बरोबर उलटं: जागेवर सर्व्ह करायचं, जागेवरच संपवायचं.

म्हणून परमिट रूमवाल्यानं “अर्धी राहिली, पार्सल कर” किंवा “वाइन शॉप बंद झालंय, एक क्वार्टर दे” यावर मान डोलवायची नाही. याचा पुरावा लॉकडाऊनमध्ये दिसला. मे २०२० मध्ये बार बंद, माल आत पडून, बीअरची मुदत संपत आलेली. तेव्हा बारवाल्यांना तो साठा सीलबंद आणि एमआरपीनं विकता यावा म्हणून सरकारला खास परवानगी काढावी लागली, तीही ठरावीक मुदतीपुरती. एरवी चालत असतं, तर परवानगी कशाला लागली असती?

न्यूयॉर्कमध्येही कोरोनात बारमधून पेय बाहेर न्यायला सूट मिळाली. ती जून २०२१ मध्ये संपली आणि २०२२ मध्ये कायदा करून परत आणली. आपल्याकडे ती सूट कायम झाली नाही.

गिऱ्हाईक बाहेर का पळतं?

परमिट रूममध्ये सर्व्हिसचे पैसे, वर व्हॅट. १ नोव्हेंबर २०२३ पासून तो ५ वरून १० टक्के झाला. वाइन शॉपमध्ये बाटली एमआरपीला मिळते. म्हणून माणूस तिथून घेतो आणि बसायला जागा शोधतो. ती जागा म्हणजे तुमचा ढाबा! तुम्ही फक्त ग्लास, बर्फ, चकणा देता. “मी कुठं दारू विकतोय?” असं तुम्हाला वाटतं.

इथंच माणूस फसतो. कायद्यात ‘सामायिक मद्यपान गृह’ अशी कल्पना आहे: जागेच्या मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी जिथे दारू पिऊ दिली जाते ती जागा. बाटली कुणी आणली, हा मुद्दाच नाही. बसायचे पैसे घेतले किंवा दुसऱ्या कोणत्या मार्गानं फायदा झाला, तरी ती जागा व्याख्येत येऊ शकते. अशी जागा चालवणाऱ्यावर कलम ६८ लागतं, त्यात दंडाबरोबर कैदही आहे. तिथे पिताना सापडलेल्या गिऱ्हाइकावर कलम ८४.

आता हिशोब करा. समजा, बाटलीवाल्या चार टेबलांचं रोजचं बिल २,००० रुपये, त्यातला नफा ५०० धरू. या ५०० रुपयांसाठी तुम्ही गुन्हा, कोर्टाच्या तारखा आणि जेवायला येणारी फॅमिली गिऱ्हाइकी पणाला लावताय. परवडतं का?

हे चार नियम पाळा

१. विनालायसन्स हॉटेल असेल तर ‘येथे मद्यपान करण्यास मनाई आहे’ असा बोर्ड लावा. आणि बोर्ड लावून थांबू नका, पाळा. वेटरला ग्लास-बर्फ देऊ नको असं स्पष्ट सांगा.

२. परमिट रूम काढायची असेल तर जागा आधी तपासा. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानं हायवेपासून ५०० मीटरची अट आली. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी मार्च २०१७ मध्ये ती २२० मीटर झाली. नंतर नगरपालिका हद्दीबाबत वेगळा खुलासा झाला. त्यामुळे जागेचं अ‍ॅग्रीमेंट करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयात लेखी विचारा.

३. वय बघा. सौम्य बीअर आणि वाइनसाठी २१, बाकी दारूसाठी २५ वर्षे.

४. गोव्याचा स्वस्त माल ठेवू नका. तिथली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते ती यासाठीच.

मित्रांनो, वाळूज-शेंद्र्याला बीअर-दारूचे मोठे कारखाने आहेत, म्हणून आपल्याकडे हा धंदा सोपा वाटतो. पण कारखाना असो की टपरी, आधी कागद आणि मग गल्ला. ढाबा चवीवर चालवा, बाटलीवर नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!