स्वतंत्र सल्लागाराची पारख

फी घेऊन बाग पाहणारे स्वतंत्र सल्लागार द्राक्षांच्या मुलखांत आतां पुष्कळ आहेत. पण त्यांची पारख एकट्या बागाईतदारास क्वचितच होते. गणिताचे अध्यापक कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४-२००१) यांनीं 'प्रयोग परिवार' उभा केला, त्यांत तासगांवकडील द्राक्षबागाईतदार आपापले प्रयोग एकमेकांपुढें मांडीत. सल्लागाराच्या बाबतींतहि हीच रीत उपयोगी आहे.

ऑक्टोबर-छाटणीनंतर बाग फुलोऱ्यांत असतां पाऊस झाला, कीं केवडा थोड्याच दिवसांत घड हातचे घालवितो. त्या वेळीं सल्लागार शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय! म्हणून छाटणीपूर्वींच दहापंधरा शेजाऱ्यांनीं एकत्र बसून माणूस ठरवावा. औषधविक्रीवर त्यास दलाली मिळते काय, हें आधीं स्पष्ट विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? गेल्या सालीं ज्यांच्या बागा त्यानें पाहिल्या, त्यांची भेट त्याच्या पश्चात् घ्यावी. आणि विशेषतः जिचें पीक बुडालें त्या बागेच्या मालकाची.

सल्लागार आल्यावर माती-पाण्याचे अहवाल, छाटणीची तारीख व फवारणीची वही त्याच्यापुढें ठेवावी आणि सल्ला लेखी घ्यावा. किरकोळ शंकांस २००४ पासून चालू असलेलें किसान कॉल सेंटर (१८००-१८०-१५५१) आहेच. तेथें फी पडत नाहीं.