दोन हात, दोन पाय आणि एक लॅपटॉप

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही जत्रेत हे दिसते. पाचट नाहीतर कागद पेटवायचा, कातडे ताणले जाईपर्यंत हलगी जाळावर फिरवायची आणि आवाज उतरला की पुन्हा शेकायची. त्यात एका हातात जाडसर काठी, दुसऱ्यात लांब बारीक काडी, आणि दोन्हींचे आवाज वेगळे. एकाच ठेक्यात दोन ठोके अगदी तंतोतंत सारखे पडतच नाहीत. या भागातले कान लहानपणापासून असल्या वाद्यांवर पोसलेले असतात. त्यामुळे कऱ्हाडच्या किंवा विश्रामबागच्या एखाद्या फ्लॅटमध्ये तयार झालेल्या रॉक गाण्यात ड्रम यंत्रासारखे वाजू लागले, तर ते कुणालाही खटकतात. काय बिघडले हे सांगता येत नाही, एवढेच.

घरी गाणे रेकॉर्ड करणाऱ्यांची खरी अडचण ड्रमचीच असते. गिटार वायरने थेट लॅपटॉपला जोडता येते, गाणारा चादरीआड उभा राहून गाऊ शकतो. ड्रमसेटला मात्र स्वतंत्र खोली हवी, सात-आठ माइक हवेत आणि सहनशील शेजारी हवेत. मग ड्रम ‘प्रोग्रॅम’ केले जातात, म्हणजे कोणता ठोका कधी आणि किती जोरात पडावा हे स्क्रीनवर लिहून ठेवले जाते.

हे तंत्र नवे नाही. खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे एलएम-१ हे यंत्र रॉजर लिन यांनी १९८० मध्ये आणले. रोलंड कंपनीचे टीआर-८०८ त्याच वर्षीचे, पण त्यातले आवाज विजेवर घडवलेले. ते ८०८ वापरून मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारलेला डिस्को अल्बम केला. पुढे कित्येक वर्षांनी तो जगभर गाजला. तिथे यंत्राचा काटेकोरपणा हीच गंमत होती. रॉकमध्ये तसे चालत नाही. तिथे ऐकणाऱ्याला ड्रममागे घाम गाळणारा माणूस हवा असतो.

१९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ या पद्धतीत आवाज साठवलेला नसतो, फक्त सूचना असतात. प्रमाणित नकाशानुसार ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हाय-हॅट. प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ मधला जोर द्यायचा. ती सूचना वाचून ईझीड्रमर किंवा अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्ससारखे सॉफ्टवेअर खऱ्या ड्रमचा आवाज वाजवते. पैसे खर्चायचे नसतील तर एमटी पॉवर ड्रमकिट आणि हायड्रोजन फुकट मिळतात. चांगल्या संचात एकच स्नेअर हळू, मध्यम, जोरात अशी अनेक पातळ्यांवर मुद्रित केलेली असते आणि एकेका पातळीवर अनेक ठोके असतात, ते आळीपाळीने वापरले जातात. नवशिका मात्र सगळे ठोके १२७ वर ठेवून मोकळा होतो. मग सगळ्यात वरच्या पातळीवरचे तेच मोजके आवाज पुन्हा पुन्हा येतात आणि रोल मशीनगनसारखा कडकडतो. इतकी मेहनत करून बनवलेला संच असा वाया जातो.

त्याहून मोठी गफलत शरीर विसरण्याची. ड्रमरला दोनच हात असतात. ते टॉमवर फिरत असताना हाय-हॅटवर काठी पडणे शक्य नाही. फार तर डाव्या पायाने ती मिटता येईल. क्रॅश वाजवायला हात वर गेला, की त्या क्षणी हाय-हॅटचा ठोका गळतो. क्रॅशच्या खाली बहुधा किक असते, नाहीतर क्रॅश पोकळ वाटतो. साध्या रॉक ठेक्यात हाय-हॅटचा मात्रेवरचा ठोका ९५ च्या आसपास ठेवावा आणि मधला ७० च्या. स्नेअरच्या मुख्य ठोक्यांमध्ये तीस-चाळीस जोराचे, जेमतेम ऐकू येणारे ठोके पेरावेत. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. प्रत्येक संच वेगळा असतो. टेबलावर दोन पेन्सिलींनी ठेका वाजवून पाहिला, तर स्क्रीनवर लिहिलेले माणसाला जमेल की नाही हे लगेच कळते.

वेळेचे प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो आणि संगणक प्रत्येक ठोका तिथेच ठेवतो. कसलेला वादकही साधारण दहा-वीस मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. आवाजाला हवेतून साडेतीन मीटर जायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, यावरून हा फरक केवढासा आहे ते समजावे. यावर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्यूमनाइझ’ नावाचे बटण असते. ते दाबले की ठोके वाटेल तसे पुढे-मागे सरकतात. तरीही गाणे माणसाने वाजवल्यासारखे वाटत नाही.

कारण माणूस वाटेल तसा हलत नाही. होल्गर हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घानातल्या एका व्यावसायिक ढोलवादकाचे ठोके मोजले. आत्ताच्या ठोक्यातली सरक खूप आधीच्या ठोक्यांशीही जोडलेली निघाली. ऐकणाऱ्यांनाही निव्वळ यादृच्छिक फेरफारांपेक्षा असे परस्परांशी जोडलेले फेरफार जास्त आवडले. मायकेल मॅकडोनाल्डच्या १९८२ च्या ‘आय कीप फर्गेटिन’ या गाण्यात जेफ पोर्कारो यांनी एका हाताने वाजवलेली हाय-हॅट २०१५ मध्ये अशीच तपासली गेली. तिथे जोर आणि अंतर या दोन्हींत दर दोन बारला परतणारी नक्षी सापडली, आणि लयही हळूच वाहत होती.

ढोलकी फडाच्या तमाशात सुरुवातीला रंगणारी ढोलकी-हलगीची जुगलबंदी ज्याने ऐकली आहे, त्याला याचे नवल वाटायचे नाही. तिथली लय चढत जाते आणि दोघे वादक मिळून चढतात. प्रोग्रॅमिंगमध्ये हे उतरवायचे तर बटणावर विसंबू नये. ध्रुवपदाला लय मिनिटाला एक-दोन मात्रांनी वाढवावी. स्नेअर पाच-दहा मिलिसेकंद मागे रेलवायची ठरवली, तर त्या कडव्यात ती सतत रेललेलीच ठेवावी.

माउसने एवढे सगळे लिहायचा कंटाळा येतो, आणि तो यावाच. त्यावर उत्तम उपाय या दोन जिल्ह्यांत वरातींतून फिरत असतो, तो म्हणजे बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅडवाला. रोलंडने पहिला ऑक्टोपॅड १९८५ मध्ये काढला. त्याला मिडीची वायर लावून लॅपटॉपला जोडले, की वाजवणाऱ्याच्या हाताचा जोर, त्याची घाई, त्याचे रेलणे सगळे आकड्यांत उतरते, आणि आवाज मात्र सॉफ्टवेअरमधल्या ड्रमचा येतो. किकसाठी पायाचे पॅडल जोडता येते. वरातीत नागिणीची धून वाजवणाऱ्याला रॉकचा ठेका बसवायला फार वेळ लागत नाही. त्याला गाणे आधी चार वेळा ऐकवावे आणि कानात क्लिक द्यावा, एवढीच काळजी.

राहिली खोली. लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला प्रचंड ड्रम १९७१ च्या अल्बमवर आहे. तो इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या प्रवेशदालनात, वर जिन्यात टांगलेल्या माइकांनी टिपलेला आहे. सगळे ड्रम प्रोग्रॅम केले तरी अशी जागा उसनी घेता येते. एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात किंवा देवळाच्या सभामंडपात फुगा फोडून तो आवाज रेकॉर्ड करायचा. रीपर या सॉफ्टवेअरमधल्या रीव्हर्बसारखे साधन त्या एका आवाजावरून जागेचा घुमारा ओळखते आणि ड्रमला चढवते. किकला मात्र तो घुमारा जवळजवळ देऊ नये, खालचा आवाज चिखलासारखा होतो. शेवटची गोष्ट म्हणजे ऑक्टोपॅडवरून आलेले ठोके दुरुस्त करताना सगळे रेघेवर ओढायची गरज नाही. चाळीस-पन्नास मिलिसेकंद भरकटलेला एखादा ठोका तेवढा जागेवर आणावा, बाकीचे तसेच ठेवून बास गिटार त्यांच्यावर वाजवून घ्यावी.