पाणी जमिनीचे की माणसांचे?



चांगले गाव कशाला म्हणावे? पक्का रस्ता, मोठे देऊळ, दारोदार ट्रॅक्टर, एवढ्याने गाव चांगले ठरत नाही. गावाची खरी पारख टंचाईत होते. जे थोडे आहे, ते गाव कसे वाटून घेते?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात थोडे आहे ते पाणी. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. उसाला मात्र पाटाने पाणी दिले, तर त्या पावसाच्या तिप्पट-चौपट लागते. १९८० साली उजनी धरण झाले, बरीच जमीन भिजली, ऊस वाढला. तरीही टेलचा शेतकरी पाण्याची वाट पाहतोच आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे इंजिनिअर कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावला गेले. देवस्थानची चाळीस एकर माळजमीन त्यांनी कसायला घेतली. बांधबंदिस्ती केली, पाणी अडवले, मुरवले. पुढे त्यातूनच 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम असे :

१) पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, एका घराला अडीच एकरांहून जास्त नाही.

२) भूमिहीनालाही पाण्याचा हक्क.

३) जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही.

४) ऊस लावायचा नाही.

५) योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा.

तुम्ही म्हणाल, "विहीर माझी, मग पाणी दुसऱ्याचे कसे?" पण भुईतल्या पाण्याला बांध कळत नाही. तुमचे बोअर खोल गेले की शेजाऱ्याची विहीर आटते. उद्या त्याचे बोअर आणखी खोल जाते. या शर्यतीत दोघेही कर्जात बुडतात.

वीस एकरवाल्याला या नियमांत काही सोडावे लागते, हे खरे आहे. पण अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कसोटी सांगितली. तिचा मतलब असा : आपण कोणत्या घरी जन्मणार हे ठाऊक नाही असे समजून नियम करा. तुमचा नातू बागायतदाराच्या घरी येईल की मजुराच्या, हे ठाऊक नसते, तर तुम्ही पाणी कसे वाटले असते? आणि वाटण्या होत होत वीस एकरांचे दोन एकर व्हायला किती पिढ्या लागतात, हे आपण पाहतोच आहोत.

सारे नियम एकदम जमणार नाहीत. पण पावसाळा सरताच, रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभा भरवा. विहिरींची पातळी मोजा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढा. उरलेल्यात कोणती पिके बसतात, ते ठरवा. उसाला ठिबक सक्तीचे करा. बैठकीला मजूर हवेत, आणि डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बायाही हव्यात. ठरलेले चावडीवर लिहून लावा आणि पाळा.

पाऊस आपल्या हाती नाही, वाटणी मात्र आहे.