आकाशातला चौकोनी रस्ता

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मोठी जेट विमानं उतरताना तुम्ही पाहिली असतील. त्यांना रडारवाले दुरूनच रांगेत लावून देतात. पण नागपूर फ्लाइंग क्लबच्या सेसनासारखं पिटुकलं विमान धावपट्टीशेजारी गोल गोल फिरताना दिसलं, तर ते वाट चुकलंय असं समजू नका! ते ‘सर्किट’ मारतंय.

सर्किट म्हणजे धावपट्टीला धरून आखलेला एक लांबट चौकोन. तो डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक वैमानिकाला पाठ असतो. उड्डाण केलं की डावीकडे वळायचं. पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर जायचं. ही बाजू म्हणजे ‘डाउनविंड’. आणखी एक डावं वळण म्हणजे ‘बेस’. शेवटच्या वळणानंतर धावपट्टी अगदी समोर, ती ‘फायनल’!

सगळी वळणं डावीच का? कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो. डावीकडे वळलं की धावपट्टी त्याच्याच खिडकीतून दिसते.

उंचीही ठरलेली असते : जमिनीपासून साधारण १००० फूट. आता गंमत बघा. नागपूरच मुळी समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंच आहे. त्यामुळे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा इथे २००० च्या आसपास ठेवावा लागतो!

बाहेरून आलेलं विमान या चौकोनात शिरतं कसं? फिरत्या दोरीत उडी घेताना तुम्ही आधी तिची लय बघता ना, तसंच. वैमानिक आधीच ठरलेल्या उंचीवर येतो, कोण कुठे आहे ते पाहतो आणि तिरका येऊन डाउनविंडला मिळतो. वरून थेट खाली उतरत शिरणं धोक्याचं. सेसनाचे पंख छतावर असतात, त्यामुळे आतल्या वैमानिकाला वरून येणारं विमान दिसतच नाही.

टॉवर असेल तिथे आधी रेडिओवर परवानगी घ्यायची. टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्टीवर प्रत्येक जण ‘मी डाउनविंडला’, ‘मी फायनलला’ असं रेडिओवर सांगत राहतो. आणि रेडिओच बंद पडला तर? टॉवरमधून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा.

उतरायचं मात्र वाऱ्याला तोंड देऊन. त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी होतो आणि थांबायला कमी जागा लागते. नागपूरच्या धावपट्टीच्या एका टोकावर १४ आणि दुसऱ्यावर ३२ लिहिलंय. पुढे शून्य जोडा, की झाले होकायंत्राचे अंश! १४० म्हणजे विमानाचं नाक आग्नेयेकडे, ३२० म्हणजे वायव्येकडे.

आता सोनेगावकडे जाल, तेव्हा उतरणाऱ्या विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते बघा. वारा बहुधा तिकडूनच येत असेल. एखादा झेंडा फडफडताना दिसला, तर लगेच पडताळून पाहा!