शोरो : रिओच्या कारकुनांचे संगीत

मिका कौरिस्माकी या फिनलंडच्या दिग्दर्शकाने २००५ साली सादर केलेला ‘ब्राझिलेरिन्यो’ हा माहितीपट पाहीपर्यंत ब्राझीलचे संगीत म्हणजे सांबा, एवढीच माझी समजूत होती. परंतु त्या पडद्यावर दोन गिटारवादक आणि एक मँडोलिनवादक जवळजवळ बसून, एकाने सोडलेला स्वर दुसऱ्याने केवळ नजरेच्या इशाऱ्यावर उचलावा अशा रीतीने वाजवू लागले, तेव्हा आपल्या बैठकीचेच हे कोणी दूरचे भावंड असावे, अशी खूण मनाला पटली.

या संगीताचे नाव शोरो. नेपोलियनच्या स्वारीमुळे १८०८ मध्ये पोर्तुगालचा राजदरबार रिओ द जानेरोस आला, त्याच्या मागोमाग युरोपातील नृत्यांच्या चाली आल्या, १८४५ मध्ये पोल्का आला. आणि या परदेशी चालींना आफ्रिकी वंशाच्या वादकांनी जी लवचिक, किंचित अडखळून पुढे झेपावणारी लय दिली, तिच्यातून १८७० च्या सुमारास शोरो आकारास आला. जोआकिं कालादो या बासरीवादकाच्या मेळात एक बासरी, दोन गिटारी आणि काव्हाकिन्यो नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य असे. स्वरलिपी बहुधा बासरीवाल्यालाच वाचता येई. साथीदार केवळ कानाच्या भरवशावर वाजवीत, आणि त्यांना अनपेक्षित वळणांनी चकवून पाडण्यात बासरीवाल्याला, व न पडण्यात साथीदारांना, मोठी धन्यता वाटे.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती या वादकांची उपजीविका. टपालखाते, जकातनाका, पोलीसचौकी, लष्करी बँड येथे दिवसभर राबून ही किरकोळ पगाराची माणसे रात्री वाद्ये काढीत. पुढे मँडोलिनचा अद्वितीय कलावंत ठरलेला जाकोब दो बांदोलिं हाही न्यायालयात लेखनिक होता, आणि दप्तर जतन करण्याच्या त्याच वृत्तीने त्याने जुन्या शोरोंच्या स्वरलिपींचा प्रचंड संग्रह केला. माहितीपटात आजचे कसलेले वादक दिसतात, सात तारांच्या गिटारीवरील खर्जाची ती नागमोडी चाल डोळ्यांनी पाहता येते, आणि ध्वनिमुद्रिका देऊ शकत नाही असे हे सुख आहे. मात्र कचेरी सुटल्यावरचे ते जुने जग त्यात फारसे येत नाही.

त्यासाठी आलेशांद्रे गोन्साल्विस पिंतु या टपालवाल्याकडे जावे लागते. त्याने १९३६ साली आपल्या आठवणीतील शेकडो वादकांची, कोणी काय वाजवी आणि स्वभावाने कसा होता याची, प्रेमळ नोंद पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. बिदागीऐवजी जेवणावर वाजवणाऱ्या त्या मंडळींत एक सांकेतिक बोली होती. यजमानाच्या स्वयंपाकघराचा कानोसा घेऊन आलेल्या सोबत्याला हळूच विचारले जाई, की चुलीवर मांजर झोपले आहे काय. आणि झोपले असल्यास त्या घरी फार वेळ थांबण्यात अर्थ नाही, हे सर्वांस उमजे.