अढीत उतरणारा आंबटपणा

देवगडच्या आमच्या मांगरात वैशाखात पाऊल टाकलं की आधी पेंढ्याचा वास येतो, मग आंब्याचा. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर हापूसचा थर, वर पुन्हा पेंढा. ही अढी. काकी त्यात कोपरापर्यंत हात घालते, आंबा चाचपते, देठापाशी नाक नेते. "ह्यो अजून आंबट आसा, रवांदे."

तिचं नाक चुकत नाही. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेला चौदा आणे तयार आंबा आतून कैरीच असतो. गरात सुमारे ३ टक्के आम्ल, त्यात मुख्य सायट्रिक. झाडावरून उतरला तरी आंबा श्वास घेतच राहतो आणि त्या श्वासात हे आम्ल खर्ची पडतं. सोबत पिठूळ स्टार्चची साखर होते. पिकल्यावर आम्ल अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. पेंढा ऊब धरतो, आंब्याने सोडलेला इथिलीन वायू थोडा अडवतो, पण फळाला गुदमरू देत नाही. आठ-दहा दिवस लागतात, आणि ते द्यावेच लागतात.

बाजाराला तेवढी सवड नसते. मुंबईत एकदा घेतलेली पेटी सोन्यासारखी पिवळी होती. कापल्यावर दात आंबले. कोवळ्या फळाला कार्बाइड लावलं की साल रंगते, आम्ल जागच्या जागी राहतं. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. रायपनिंग चेंबरला मात्र मी त्या पंक्तीत बसवणार नाही. तिथे इथिलीन १०० पीपीएमच्या मर्यादेत सोडतात, आणि फळ मुळात तयार असेल तर आंबटपणा नीट उतरतो.

थंडीचं गणित उलटं. साधारण १३ अंशांवर श्वास मंदावतो, आम्ल टिकतं, आंबा थांबून राहतो. त्याहून फार खाली नेला तर साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावरही तो धड पिकत नाही, आंबटच राहतो. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर लासलगावला विकिरण होऊ लागलं, ते किडीसाठी. त्यानेही पिकणं लांबतं.

साका या दोषापुढे मात्र अढीचंही चालत नाही. बाहेरून देखणा आंबा कापावा आणि कोयीभोवती पांढुरका, आंबट, भुसभुशीत गर निघावा! तापलेल्या कातळावर पडून राहिलेल्या फळात हा साका वाढतो. म्हणून काका उन्हं चढायच्या आत आंबे उतरवतात आणि पहिली करंडी थेट फणसाच्या सावलीत नेऊन ठेवतात.