शुक्रवारी 'हॅपी' नको, रविवारी मात्र शुभेच्छा द्या. ईस्टर म्हणजे काय, समजून घ्या

गुड फ्रायडे आला की गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' असे फोटो फिरायला लागतात. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. सुट्टी आहे, सण असणार, असं धरून तो पाठवतो. पण तो दिवस येशू ख्रिस्ताच्या मरणाचा. एखाद्याच्या घरी माती असताना आपण पेढ्याचा बॉक्स घेऊन जावं, तसं ते होतं. नावात 'गुड' आहे म्हणून घोळ होतो. इथं त्याचा जुना अर्थ पवित्र असा आहे. मराठीत उत्तम शुक्रवार किंवा शुभ शुक्रवारही म्हणतात, तरी दिवस दुःखाचाच.

आणि दोनच दिवसांनी, रविवारी, या लोकांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो, तेव्हा ग्रुपवर सगळे गप्प. आपल्याला वाटतं, ख्रिश्चनांचा मोठा सण म्हणजे नाताळ. नाताळ डोळ्यांना दिसतो. चांदणी, केक, शाळेत सांताक्लॉज. पण कॅथलिक चर्चच्या हिशेबात पहिला मान ईस्टरचा, नाताळ त्याच्या मागं. जन्म तर सगळ्यांचाच होतो. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही श्रद्धा काढून टाकली तर त्याचा जन्मदिवस साजरा करायचं काही कारणच उरत नाही.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे कॅथलिक चर्चच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत 1977 साली झाला. आपल्याकडं कॅथलिक घरं थोडी आणि विखुरलेली. त्यामुळं शेजाऱ्याला त्यांचा सण कळत नाही, यात नवल नाही.

तारीख दर वर्षी का बदलते, हा प्रश्न हमखास येतो. नाताळ 25 डिसेंबरला पक्का, पण ईस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून बऱ्याच वर्षी तो हनुमान जयंतीला चिकटून येतो. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला, गुड फ्रायडे 7 ला आणि ईस्टर 9 ला होता. यंदा 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, गुड फ्रायडे 3 ला आणि ईस्टर 5 एप्रिलला आहे. कधी एक पौर्णिमा अलीकडं सरकतो. 2024 ला होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच 31 मार्चला ईस्टर झाला, हनुमान जयंती मात्र 23 एप्रिलला गेली. पंचांग वापरणाऱ्या माणसाला यात अवघड काहीच नाही.

सणाची तयारी दीड महिना आधी सुरू होते. पहिला दिवस राखेचा बुधवार. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर कपाळाला लावतात. माणूस मातीचा आहे, मातीत जाणार, ही आठवण. तिथून ईस्टरपर्यंत 46 दिवस होतात, पण रविवार उपवासात धरत नाहीत. सहा रविवार वजा केले की 40 उरतात. येशूनं रानात 40 दिवस उपवास केला, त्यावरून हा आकडा. या काळात कुणी मटण सोडतं, कुणी दारू-तंबाखू, आणि वाचलेला पैसा गरिबाला द्यायचा असतो. सक्तीचा उपवास मात्र दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. 18 ते 59 वयाच्या माणसानं एकदा पोटभर आणि फार तर दोनदा थोडंसं खायचं. मांस नाही. आजारी माणसाला सूट.

शेवटचा आठवडा झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं होतं. तेच गाव पाच दिवसांत उलटलं. पुढाऱ्याला खांद्यावर घेणारे आणि पाडणारे तेच असतात, हे आपल्याला काही नवीन नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी. मरणाच्या आदल्या रात्री जेवताना येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर खाली बसून बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमानं हे फक्त पुरुषांचे असत. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, आता बायाही त्यात बसू शकतात. कुणी कुणाच्या पाया पडायचं, हे ज्या गावात जन्मावरून ठरत आलं, तिथं या विधीचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही. 2019 ला नेमक्या याच गुरुवारी, 18 एप्रिलला, नांदेड आणि लातूर लोकसभेचं मतदान होतं. बोटाला शाई लावूनच लोक मिस्साला गेले असतील.

शुक्रवारी वेदी उघडी केलेली असते. कापड नाही, फुलं नाहीत, मेणबत्ती नाही. घंटा वाजत नाही. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे येशूनं प्राण सोडला त्या वेळेला, लोक जमतात, त्याच्या छळाची आणि मरणाची हकीकत वाचली जाते आणि एकेक जण क्रुसापुढं वाकतो. भर उन्हात क्रुसाची वाटही चालतात. 14 ठिकाणी थांबून प्रार्थना करायची.

मग तिसरा दिवस. शुक्रवार दुपार ते रविवार पहाट, यात तीन दिवस कुठं भरतात, असं पोरं विचारतात. आपण राख सावडायला तिसऱ्याला जातो तेव्हा मेल्याचा दिवस पहिला धरतो. अगदी तसंच. बायबलमध्येही बायाच पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडं गेल्या आणि कबर रिकामी दिसली. उठलेला येशू मग्दालेच्या मरियेला भेटला आणि तिलाच निरोप सांगायला पाठवलं. ज्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, त्या काळात सगळ्यात मोठी बातमी बाईकडून आली.

हे उठणं म्हणजे नेमकं काय? येशूनं स्वतः गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला होता. दाणा कणगीत राहिला तर एकटाच राहतो, मातीत जाऊन मेला तर कणीस येतं. पेरणी केलेल्या माणसाला हे पटकन कळतं. कॅथलिक माणसासाठी ही नुसती दोन हजार वर्षांपूर्वीची घटना नाही. आपला बाप, आपलं गेलेलं लेकरू पुन्हा भेटणार, हा भरवसा त्याला या दिवसावरून येतो. म्हणून वर्षभर न येणारे लोकही त्या रात्री येतात.

ती रात्र म्हणजे शनिवारची. चर्चमधले दिवे बंद. बाहेर अंधारात शेकोटी पेटवतात, तिच्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. त्या मेणबत्तीवर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. तिच्यावरून एकमेकांच्या मेणबत्त्या लावत सगळं चर्च उजळतं. 40 दिवस न म्हटलेला आलेलुया पुन्हा गायला जातो, घंटा वाजतात. मोठ्या माणसांचा बाप्तिस्माही याच रात्री करायची रीत आहे.

मराठीला ही गोष्ट परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध केलं. आणि 2020 च्या जानेवारीत आपल्या शेजारी उस्मानाबादला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे कॅथलिक धर्मगुरू होते. बायबल सोप्या मराठीत आणणारे हेच.

आता शेतकऱ्यांसाठी कामाची गोष्ट. हे दिवस हळद शिजवायचे, गहू-हरभऱ्याच्या खळ्याचे. रोजानं येणारी बाई शुक्रवारी येत नाही म्हणाली, तर वाद घालू नका. बहुतेकांचं चर्च दुसऱ्या गावात असतं, एकाच फादरकडं अनेक गावं असतात, आणि उपाशीपोटी जायचं असतं. शनिवारी रात्र जागून रविवारी उशिरा आली तरी चालवून घ्या.

शुक्रवारी भेटलात तर नुसता नमस्कार पुरे. रविवारी 'ईस्टरच्या शुभेच्छा' म्हणा, बोलावलं तर जेवायला जा. रविवार हुकला तरी हरकत नाही. ईस्टरचा काळ 50 दिवस चालतो, यंदा 24 मे पर्यंत.